गुरुवारचा तपास

फलज अल कबाईलची वसाहत, खोली चौदा.
गुरुवारी रात्री साडेनऊला
सेफ्टी बूट दाराबाहेर काढून
आम्ही सहा जण विलायती पोलीस होतो.

टीव्ही खेडस्करचा, म्हणून खाट त्याची
आणि पहिलं मतही त्याचंच :
"ही बाई इन्स्पेक्टर शोभतच नाही.
सारखी समुद्राकडे काय बघत बसते?
आमच्या दापोलीचा हवालदार असता
तर पहिल्या जाहिरातीआधी कबुली."
कुंजुमोन म्हणतो, कबूल कुणीही होतं,
कागद लागतो. तो स्टोअरकीपर,
सहीशिवाय वायसरसुद्धा सोडत नाही.

गुलझमानला इंग्रजी येत नाही,
पण खुनी सगळ्यांत आधी त्याला सापडतो.
जो चहा ढवळत राहतो नि पीत नाही, तो.
चारदा बरोबर आला. एकदा चुकला,
त्या रात्री रोटीला शिवला नाही.

मला आवडतात खालची अरबी अक्षरं.
उजवीकडून निघून ती
साहेबाच्या तोंडापर्यंत पोचतात
तोवर त्याचं खोटं बोलून झालेलं असतं.

आणि ती ठाणी! भिंतीवर फुलझाडाचं चित्र,
बशीत दोन बिस्किटं,
वकील येईस्तोवर सगळे खोळंबून.
आरोपी पाय पसरून म्हणतो, नो कॉमेंट,
आणि कुणी हात उगारत नाही.
"गंडवतात," खेडस्कर म्हणतो, "साफ गंडवतात."

तो शब्द मग आमच्याकडे राहायलाच आला.
माझे सुके बोंबील कुणी तळले?
नो कॉमेंट.
गीझर रात्रभर कुणी चालू ठेवला?
नो कॉमेंट.
फोनवर बायको विचारते,
शिमग्याला तरी येणार का यंदा,
तेव्हा मात्र घसा खाकरून
रजेचं, तिकिटाचं, मॅनेजरचं
सविस्तर निवेदन द्यावं लागतं.

लतीफ तिसेकर दाराशी बसतो,
चपला हाताच्या अंतरावर.
त्याचं मत कुणी विचारत नाही.
दोन वर्षांपूर्वी यार्डातून
तांब्याच्या केबलचे तीन ड्रम गेले.
रजिस्टरवर रात्रपाळीची सही त्याची.
गेटचा दिवा त्या रात्री बंद होता.
(दिव्यांचं काम माझ्याकडे असतं.)
अकरा दिवस त्याची खाट रिकामी,
वरची चादर कुणी घडीसुद्धा केली नाही.
बाराव्या दिवशी आला, दाढी करून,
डबा धुतला, पाळीवर गेला.
ड्रम सापडले नाहीत. फाईल मिटली.
आम्ही विचारलं नाही
आणि त्यानं सांगितलं नाही.

परवाच्या भागात चौकशी लांबली.
एक टेबल, दोन माणसं,
बाहेर त्यांचा तो कायमचा भुरभुर पाऊस.
"एवढा वेळ नुसतं बोलतात?" खेडस्करनं जांभई दिली,
"कंटाळवाणं केलंय."
तिसेकर म्हणाला, "हे बरोबर दाखवलंय."
माना वळल्या.
"खुर्ची. बघा, एक पाय आखूड आहे.
खरं बोलणारासुद्धा डुगडुगतो तिच्यावर."
एसीची घरघर तेवढी ऐकू आली.
मग खेडस्करनंच, जरा हसून :
"आणि काय रे, चहा?"
"दिला की. साखर जास्त होती."

पडद्यावर बाई पुन्हा समुद्राकडे बघत होती.
"एक चुकतं यांचं," तिसेकर म्हणाला, टीव्हीलाच सांगितल्यासारखं,
"तिथे बसलेला माणूस
कुणी केलं याचा विचार करत नाही.
बाहेर कुणाला ठाऊक आहे, याचा करतो."

जाहिरात लागली. दुबईतले फ्लॅट, हप्त्यानं.
कुंजुमोननं आवाज कमी केला.
माझ्या हातात सुलेमानीचा ग्लास, त्यात चमचा,
आणि गुलझमान बघत होता
पडद्याकडे नाही,
माझ्या ग्लासाकडे.

मी घाईनं घोट घेतला.
गार झाला होता.